सिसिलीतलं कास्तेलबुओनो: निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही त्रिस्थळी यात्रा ठरलेली असते. ती जरूर करा. पण ती उरकून दुसऱ्यांदा जाणारे बरेच जण हल्ली विचारतात, "एखाद्या बेटावर, लहानशा गावात चार दिवस निवांत राहायचंय. कुठे जावं?" मी कास्तेलबुओनोचं नाव सांगते. मग पुढचे प्रश्न सुरू होतात आणि ते जवळपास तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतेय.

हे गाव नेमकं आहे कुठे?

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर चेफालू नावाचं प्रसिद्ध गाव आहे. तिथून डोंगरात वीसेक किलोमीटर आत शिरलं की ४२३ मीटर उंचीवर कास्तेलबुओनो लागतं. वस्ती आठेक हजारांची. गावामागे मादोनिए पर्वत. त्यातलं पिझ्झो कार्बोनारा हे शिखर १९७९ मीटर उंच आहे. एटना ज्वालामुखी सोडला तर अख्ख्या बेटावर याहून उंच काही नाही.

पोचायचं कसं?

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलला विमान बदलून जायचं. पालेर्मोचा विमानतळ शहरापासून ३५ किलोमीटरवर आहे आणि तिथून मुख्य स्टेशनपर्यंत ट्रेन मिळते. स्टेशनवरून चेफालूची गाडी पकडायची, तासाभराचा प्रवास. चेफालूहून पुढे बस. रविवारी आणि सणावारी बस फारच कमी असतात, त्यामुळे रविवारी संध्याकाळी चेफालूत उतरायचा बेत करू नका. बसचं तिकीट पुष्कळदा तंबाखूच्या दुकानात काढावं लागतं. काळ्या किंवा निळ्या पाटीवर पांढरा 'टी' दिसला की ते दुकान ओळखायचं.

वेळ हाताशी असेल तर रोमहून रात्रीची ट्रेन घ्या. मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी गाडीचे डबे सुटे करून रुळांसकट बांधलेल्या जहाजात ढकलतात आणि आपण डब्यात बसल्या बसल्या समुद्र ओलांडतो. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. मोठ्यांनीही चुकवू नये असं माझं मत.

व्हिसा?

शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मात्र भेटीची वेळ मिळणं हीच खरी लढाई, तेव्हा लवकर लागा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. राहण्याचं बुकिंग गावातल्या एखाद्या घरात असलं तरी चालतं, पण त्याचा कागद हवा. तिथे पोचल्यावर घरमालकीण पासपोर्ट मागेल. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यात संशयाचा काही भाग नाही.

गाडी भाड्याने घ्यावी का?

गावापुरतं म्हणाल तर नको. आजूबाजूची डोंगरातली गावं बघायची असतील तर हवीच. आपल्या लायसन्सबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, आणि भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलायच्या असतात. जुन्या वस्तीत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना मुभा असलेले भाग असतात. तिथे कॅमेरा फोटो काढतो, आणि दंडाची पावती आपण घरी येऊन बॅगा रिकाम्या केल्यानंतर कधीतरी पोचते. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगात ठेवावी आणि चालत आत जावं, हे बरं.

चेफालूत राहून एका दिवसात हे गाव उरकता येईल का?

उरकता येईल, पण मग गाव दिसणार नाही.

एका दिवसासाठी येणारा पाहुणा साधारण अकराला पोचतो. किल्ला बघतो, जेवायला बसतो आणि अडीचच्या सुमाराला उन्हात रस्त्यावर येतो. तेव्हा सगळं गाव बंद असतं. एक ते चार दुकानं बंद, ही कल्पना पुणेकरांना समजावून सांगावी लागत नाही. इथे ती पाचपर्यंतही लांबते. औषधांचं दुकान बंद, चर्च बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेतलेल्या. आतून ताटं-चमच्यांचे आवाज तेवढे येत असतात. पाहुणा दोन गल्ल्या फिरतो, "फारच सुस्त गाव आहे बुवा" म्हणतो आणि चारची बस पकडून निघून जातो.

आणि साडेपाचला गाव उघडतं. आधी न्हाव्याचं दुकान, मग बेकरी. म्हातारे पुरुष सान्त'आन्ना रस्त्यावर खुर्च्या काढून भिंतीला पाठ लावून बसतात. सातच्या पुढे हा रस्ता भरून जातो. एका टोकाला मार्गेरिता चौक, दुसऱ्या टोकाला किल्ला, आणि अख्खं गाव या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत असतं. कुणालाच कुठे पोचायचं नसतं. आज्या एकमेकींच्या कोपरात हात अडकवून चालतात, पोरं आइसक्रीम घेऊन मधूनच पळतात, आणि दर वीस पावलांवर कुणीतरी कुणाला थांबवून पाच मिनिटं बोलतं. तिसऱ्या संध्याकाळी खुर्चीवरचे आजोबा आपल्याकडे बघून मान हलवतात. पहिल्या संध्याकाळी ते फक्त बघतात.

म्हणून किमान तीन रात्री राहा. घड्याळ गावाचं ठेवा: सकाळी लवकर बाहेर, दुपारी झोप, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत नाही.

किल्ल्यात काय आहे?

गावाच्या टोकावर मधाच्या रंगाच्या दगडाचा चौकोनी ठोकळा दिसतो, तो किल्ला. फ्रान्चेस्को व्हेंतिमिल्या या सरदाराने १३१६ मध्ये तो बांधायला घेतला. त्याआधी या टेकडीवर इप्सिग्रो नावाची बायझंटाइन काळातली वस्ती होती. पुढे व्हेंतिमिल्या घराण्याचे दिवस फिरले, आणि १९२० साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून किल्लाच विकत घेतला. आज तिथे गावाचं संग्रहालय आहे. राजेशाहीपेक्षा मला ही वर्गणीची गोष्ट जास्त आवडते.

आत वरच्या मजल्यावरचं छोटं प्रार्थनागृह अजिबात चुकवू नका. जुझेप्पे आणि जाकोमो सेरपोत्ता या भावांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या भिंती चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींनी भरून काढल्या, मागे सोनेरी पार्श्वभूमी. दगड नाही, संगमरवर नाही, निव्वळ गिलाव्याचं काम. पण मुलांच्या गालांवरच्या खळ्यासुद्धा दिसतात. इथेच संत आन्नाच्या कवटीचा अवशेष चांदीच्या अर्धपुतळ्यात ठेवला आहे. आन्ना म्हणजे मेरीची आई, येशूची आजी आणि या गावाची ग्रामदेवताच म्हणा.

मार्गेरिता चौकातल्या जुन्या चर्चच्या तळघरातली भित्तिचित्रंही बघा. बाकी 'प्रेक्षणीय स्थळं' यादी करण्याइतकी नाहीत.

मन्ना म्हणजे काय? सगळीकडे पाट्या दिसतात.

ज्यासाठी मी या गावाच्या प्रेमात पडले ती ही गोष्ट, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

कास्तेलबुओनो आणि शेजारचं पोल्लिना या भागात ॲश जातीच्या झाडांच्या बागा आहेत. उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, शेतकरी रोज सकाळी खोडाला एक आडवी खाच देतो. आपल्याकडे बाभळीला खाच पाडून डिंक काढतात, तसाच प्रकार. आज जिथे खाच दिली त्याच्या थोडं वर उद्याची. महिन्याभरात खोडावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा उमटतात. खाचेतून आधी निळसर, कडवट रस पाझरतो. हवा आणि ऊन लागलं की तो पांढरा होतो, गोड होतो आणि गोठून लोंबायला लागतो. चांगला भाव याच लोंबणाऱ्या कांड्यांना. खाली गळणारा रस धरायला पूर्वी झाडाच्या बुंध्याशी फड्या निवडुंगाची वाळवलेली पानं मांडत. आता खाचेत पातळ पत्रा बसवून त्याला नायलॉनचा दोरा बांधतात, रस दोऱ्यावरून उतरत गोठतो आणि सालीचा कचरा लागत नाही.

खाच किती खोल द्यायची हे सगळं हातात असतं. कमी पडली तर रस येत नाही, जास्त गेली तर झाड दुखावतं. आणि पाऊस आला तर तयार माल धुऊन जातो, मग आभाळ भरून आलं की मिळेल ते खरवडून घेण्याची धावपळ.

चवीला मन्ना सौम्य गोड, जिभेवर विरघळणारी. त्यात मॅनिटॉल भरपूर असतं. मेंदूवरची सूज उतरवायला डॉक्टर शिरेतून देतात तेच हे, फक्त औषधातलं मॅनिटॉल आता कारखान्यात बनतं, आणि तिथेच या धंद्याचं कंबरडं मोडलं. आज व्यापारासाठी मन्ना काढणारा जगातला जवळजवळ एवढाच पट्टा उरला आहे. एक सूचना: ती पोट साफ करणारी आहे. गोड लागली म्हणून बसच्या प्रवासाआधी मूठभर खाऊ नका.

शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

हाल होणार नाहीत, पण डोळे उघडे ठेवावे लागतील.

चांगली बातमी आधी. वांगं हे सिसिलीच्या स्वयंपाकाचं दैवत आहे. ते मूळचं आपल्याच भागातलं. अरबांबरोबर पश्चिमेकडे गेलं आणि इथे रुजलं. अरबांनी ८२७ मध्ये सिसिलीत पाऊल ठेवलं आणि दोनेक शतकं राज्य केलं, लिंबूवर्गीय फळांच्या बागांचं श्रेयही त्यांनाच. कापोनाता, म्हणजे तळलेलं वांगं, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह यांची आंबटगोड भाजी, पावाबरोबर खाल्ली की मराठी जीव शांत होतो. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पानेल्ले, पालेर्मोत रस्त्यावर पावात घालून देतात. पावट्यासारख्या सुक्या फावा दाण्यांची घट्ट आमटी मिळते, तिचं नाव माक्कू; त्यात रानबडीशेप असते. कास्तेलबुओनोत शरद ऋतूत डोंगरातली मशरूम येतात आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा उत्सवही असतो.

आता फसण्याच्या जागा. अँचोवी मासा आणि हॅम यांना इथले वेटर 'मांस' धरतीलच असं नाही. पालेर्मोचा जाड पिझ्झा, स्फिंचोने, वरून कांदा-टोमॅटोचा साधासुधा दिसतो. आत अँचोवी असते. भाताच्या तळलेल्या गोळ्यांमध्ये लोण्याचा म्हणून जो मिळतो त्यातही बहुतेकदा हॅम. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा प्रोशुत्तो' एवढं पाठ करा: मांस नको, मासा नको, हॅम नको. जुन्या पद्धतीच्या कान्नोलीच्या कुरकुरीत नळीत डुकराची चरबी असते, तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात, विचारून घ्या. पेकोरिनो, पार्मेजान यांसारखी बरीचशी चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने लावलेली असतात. हे चालवून घ्यायचं की नाही हे घरून ठरवून निघा, टेबलावर बसून नाही. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. गावातला भाजीवाला उत्तम आहे.

मांसाहारी मंडळींना सांगायला नकोच: रानडुक्कर, काळ्या डुकराचे सॉसेज, कोकरू.

गोडात इथली खासियत 'तेस्ता दी तुर्को': तळलेल्या पापुद्र्यांच्या थरांमध्ये दुधाची घट्ट खीर, वर दालचिनी. शिवाय पानेत्तोने. हा खरा मिलानचा नाताळातला केक, पण फियास्कोनारो या १९५३ पासूनच्या इथल्या दुकानामुळे तो सिसिलीच्या डोंगरातल्या या गावाच्या नावावर जगभर विकला जातो, मन्नाची क्रीम लावूनसुद्धा. अंडं त्यात असतं.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आफ्रिकेकडून सिरोक्को वारा सुटला की विदर्भातले लोकही सावली शोधतील. पण मन्ना काढताना बघायची असेल तर उन्हाळ्याला पर्याय नाही. २५ ते २७ जुलै संत आन्नाची जत्रा असते आणि २६ला गावातून धावण्याची शर्यत. ही शर्यत १९१२ पासूनची आहे, परदेशी धावपटू येतात, आणि गावातल्याच चढ-उतारांवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या असल्यामुळे गच्चीवरच्या आज्यांना प्रत्येक धावपटू अनेकदा बघायला मिळतो. ऑगस्टमध्ये किल्ल्यासमोर इप्सिग्रॉक हा संगीत महोत्सव भरतो, १९९७ पासून. त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील. हिवाळ्यात गावात थंडी आणि वरच्या डोंगरात बर्फ.

कचरा उचलणारी गाढवं खरंच आहेत?

२००७ मध्ये इथल्या नगरपालिकेने जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांसाठी कचऱ्याच्या ट्रकऐवजी गाढवं कामाला लावली आणि त्यावर जगभर बातम्या झाल्या. फोटोसाठी म्हणून गाढव शोधत हिंडू नका. दिसलं तर ते कामावर असतं, वाट सोडा.

माफियाची भीती?

पर्यटकाला नाही. पण विषय थट्टेचाही नाही. पालेर्मोच्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो या न्यायाधीशांची नावं आहेत. दोघांनाही माफियाने १९९२ मध्ये बॉम्बस्फोटात मारलं. विमानतळावरून शहराकडे येताना कापाची गावापाशी महामार्गाच्या कडेला उभा स्तंभ दिसतो, फाल्कोने यांची गाडी उडवली ती हीच जागा. त्यांच्या पत्नी आणि तीन अंगरक्षकही त्यात गेले. पालेर्मोत काही दुकानांच्या दारावर 'आद्दिओपित्सो'चं स्टिकर असतं: आम्ही खंडणी देत नाही, असा त्याचा अर्थ. मला जमेल तिथे मी तिथूनच खरेदी करते. आणि सिनेमातल्या डॉनची नक्कल सिसिलीच्या माणसासमोर करू नये. त्याला हसू येत नाही.

आई-बाबांना बरोबर नेता येईल का?

गुडघे बरे असतील तर खुशाल. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या, चढ भरपूर, आणि चाकांची बॅग त्यावर नुसती आदळते. तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली जागा आधीच मागून घ्या. जुन्या घरांत लिफ्ट नसतेच असं धरून चाला. स्वच्छतागृहाची चिंता नको: इटलीत १९७५ पासून घरोघरी बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं बसकं भांडं, बसवणं नियमाने सक्तीचं आहे, त्यामुळे युरोपात इतरत्र होते ती पंचाईत इथे होत नाही. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तातडीच्या मदतीसाठी ११२.

इंग्रजीवर भागेल?

तरुणांशी भागेल, बाकी हातवाऱ्यांवर. पण दुकानात शिरताना दुपारपर्यंत 'बुओन्जोर्नो', नंतर 'बुओनासेरा' म्हणाच. न बोलता आत शिरून वस्तू चाचपायला लागणं उद्धटपणाचं समजतात. 'बार' म्हणजे कॉफीचं दुकान, तिथे सकाळी सातलाही जाता येतं. कॉफी उभ्याने प्यायची. टेबलावर बसलात तर कधीकधी जास्त पैसे पडतात. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, तो रीतसर आकार आहे, भांडू नका.

डोंगरात चालायला जाता येतं?

जायलाच हवं. गावावरच्या पियानो सेम्प्रियापासून, साधारण १३०० मीटरवरून, पियानो पोमोपर्यंतची वाट ठीकठाक प्रकृतीच्या कुणालाही झेपते. वर हॉलीची प्रचंड झाडं आहेत. नाताळच्या कार्डावर या झाडाचं काटेरी पान असतं. इतरत्र ते झुडूप किंवा लहानसं झाड असतं, इथे त्यांनी पंधरा मीटरच्या आसपास उंची गाठलीय. फांद्यांखाली शिरलं की भर दुपारी अंधारतं. मादोनिएतच पोलिझ्झी जेनेरोझाच्या बाजूला नेब्रोदी फर नावाचं झाड तग धरून आहे. निसर्गात त्याची तीसेक मोठी झाडंच उरलीत. या भागातली झाडंपानं आणि प्राणी आयुष्यभर नोंदवणारे डॉक्टर फ्रान्चेस्को मिना पालुंबो (१८१४–१८९९) कास्तेलबुओनोचेच. त्यांच्या नावाचं निसर्ग संग्रहालय गावात आहे.

आजूबाजूला काय? आणि एक युरोत घर मिळतं ते खरं का?

गाडी असेल तर पेत्रालिया सोप्राना आणि गांजी बघा. पोलिझ्झी जेनेरोझा हे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांच्या आजोबांचं गाव. परतताना चेफालूचं कॅथेड्रल, राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये सुरू केलेलं.

एक युरोच्या घरांच्या योजनेत गांजी अगदी सुरुवातीच्या गावांपैकी. घर एक युरोत मिळतं हे खरं, पण ते बहुधा पडकं असतं, ठरावीक मुदतीत दुरुस्त करायची हमी द्यावी लागते, अनामत ठेवावी लागते, आणि दुरुस्तीचा खर्च हजारो युरोंत जातो. तरुण पोरं मिलानला, जर्मनीला निघून गेली म्हणून ही घरं रिकामी आहेत, हेही लक्षात असू द्या. कोकणात बंद घरं पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

येताना काय आणावं?

मन्नाच्या कांड्यांची छोटी डबी, पण उत्पादकाचं नाव बघून, आणि 'मन्ना' लिहिलेल्या प्रत्येक चॉकलेटात ती किती आहे हे लेबलावर वाचून. ऑलिव्ह तेल चेक-इन बॅगेत. चीज आणायचं तर कस्टम्सचे नियम आधी बघा. फ्रिजवरची चुंबकं चेफालूत मिळतील, ती तिथूनच घ्या.